अठरा नंबरचे टाके

कोशिएन स्टेडियमच्या भिंतीवरची वेल सानाएला आवडली नाही. टीव्हीवर ती हिरवीगार दिसायची, मोठ्या घराण्यातल्या माणसासारखी. जवळून पाहिली तर पानांवर धूळ होती आणि मुळाशी कुणीतरी चहाची रिकामी बाटली खोचून ठेवली होती. बरं झालं, असं तिला वाटलं. आज तिला काहीही सुंदर असायला नको होतं.

संघातल्या शिगेताची आई मात्र बसमधून उतरता उतरताच रडायला लागली होती.

"जन्माचं सार्थक झालं हो! आता मेले तरी चालेल."

"मॅच संपेपर्यंत तरी दम धरा," मागून कुणीतरी म्हणालं. "नाहीतर परतीच्या बसमध्ये तुम्हाला आडवं कुठे ठेवायचं?"

सगळ्या हसल्या. सगळ्यांच्या अंगात पालक संघाचे पिवळे टीशर्ट, डोक्यावर पिवळ्या टोप्या, हातात पिवळे भोंगे. सानाएच्या अंगातही तेच होतं. उराहामा गावच्या शाळेचा बेसबॉल संघ कोशिएनला, म्हणजे शाळांच्या देशपातळीवरच्या स्पर्धेला, पोचायची ही पहिलीच वेळ. बंदरातली मासळीची दुकानं आज बंद होती, जो तो इथे आला होता, आणि आल्यापासून प्रत्येकाने तिला गाठून तिच्या मुलाबद्दल तेच ऐकवलं होतं. तोमोकीचं बाई कौतुक वाटतं. खेळायला मिळणार नाही, तरी किती हसतमुख!

हसतमुख. हा शब्द कानावर पडला की तिच्या कानशिलात कळ जायची.

सानाए नागुरा जाळी विणणाऱ्यांच्या घरात जन्मली. शाळा सुटली तशी गणवेश शिवायच्या कारखान्यात लागली. पुढे कारखाना परदेशी गेला आणि बायका मागे राहिल्या. शेवटच्या दिवशी मालक एकेकीसमोर कमरेतून वाकला. बायकाही वाकल्या, वर त्याच रडल्या, त्याचीच समजूत काढली. सानाएही वाकली होती. त्या वाकण्याचा राग तिला पुढे कितीतरी वर्षं येत राहिला, भाजी चिरताना, दात घासताना, कधीही. आता सुपरमार्केटच्या जिन्याखाली तिचा गाळा होता. पँट आखूड करून मिळेल, चेन बदलून मिळेल. नवरा कुनिओ बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात. थंडीत राहून राहून माणूस आतून गोठलाय, असं ती त्याच्या तोंडावर म्हणायची. तो "हं" म्हणायचा आणि जेवायला बसायचा.

मुलगाही बापाच्याच वळणावर गेला, हे तिचं खरं दुखणं होतं.

तोमोकी शाळेच्या संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून गेला होता. दुसऱ्या वर्षी प्रशिक्षक ओगिहारा सरांनी त्याला वेगळ्याच कामाला लावलं. फलंदाजांच्या सरावासाठी रोज चेंडू टाकायचे. सरळ, सोपे, मारता येतील असे. "तुझा हात शहाणा आहे," सर म्हणाले होते. तो टाकत राहिला, बाकीचे मारत राहिले. संध्याकाळी जेवताना त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. वाटी डाव्या हाताने उचलायचा. सानाए सरांकडे निघाली की तोच दारात आडवा उभा राहायचा. "आई, नको ना. सरांनी शब्द दिलाय. तिसऱ्या वर्षी मला नंबर देणार आहेत."

आणि सरांकडे तिचं जाणं होतंच. आयांची चहाची पाळी असायची. मैदानाच्या कडेला टेबल मांडायचं, जवाचा गार चहा करायचा. मुलांना पिंपातून, सरांना मात्र झाकणाच्या पेल्यात, खाली ताटली, शेजारी ओला रुमाल घडी करून. सर पेला घ्यायचे तो मैदानाकडे बघत, बाईकडे न बघता. सानाए पेला पुढे करायची आणि मनात म्हणायची, एकदा तरी वर बघ, मेल्या. त्या पेल्यात माझ्या पोराचा खांदा आहे.

या वर्षी प्रांताच्या स्पर्धेत तोमोकीला नंबर मिळाला, एकोणीस. नंबर म्हणजे पांढऱ्या कापडाचा चौकोन, वर काळा आकडा. मुलगा तो घरी आणतो आणि आई सदऱ्याच्या पाठीवर शिवते, मशीनवर नाही, हाताने. सानाएने घातलेली बखिया अशी की दोरा दिसू नये आणि कापड फाटलं तरी टाका सुटू नये. तोमोकीला सगळ्या स्पर्धेत एकदाही मैदानात उतरवलं नाही; पण पाठीवर नंबर घालून तो बाकावर बसला होता. तेवढ्यावर सानाए खूश होती. तिचं तिलाच आश्चर्य वाटण्याइतकी खूश.

मग संघ जिंकला, आणि सगळं फिरलं. प्रांतात वीस मुलांना नंबर असतात, कोशिएनला अठरांनाच. दोघांनी उतरायचं. नियमाप्रमाणे म्हणावं तर नियम सगळ्यांना ठाऊक होता. पण एकोणीस तोमोकी होता आणि वीस होता हायाते, दुसऱ्या वर्षाचा, वाऱ्यासारखा पळणारा. सरांनी जुन्या अठराव्याला काढलं आणि विसाव्याला उचलून अठरावा केला. तोमोकीच्या डोक्यावरून.

त्यांनी ते सगळ्यांच्या देखत सांगितलं, मैदानात, आया चहाच्या टेबलापाशी उभ्या असताना. "नागुरा, तुझ्यासारखा खणखणीत आवाज आपल्यात कुणाचा नाही. स्टँडमधला घोषणा देणारा संघ मी तुझ्या हाती देतोय."

"हो सर!" तोमोकी ओरडला आणि कमरेतून वाकला. आवाज खरंच खणखणीत होता.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आयांनी डोळे पुसले. कुरामोची बाई, म्हणजे कप्तानाची आई आणि पालक संघाच्या अध्यक्ष, सानाएचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "असा मुलगा पोटी यायला पुण्य लागतं."

सानाएने घरी येऊन विचारलं, "तुला राग नाही आला?"

"येऊन काय करू?"

"मी काय करायचं ते विचारलं नाही. आला की नाही?"

"संघासाठी आहे ना, आई," तो म्हणाला आणि हसला. बापाचंच हसणं, अर्ध्या ओठातलं. तिला त्या ओठांवर एक ठेवून द्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाळ्यावर बसून तिने त्याच्या सदऱ्यावरचा एकोणीस उसवला. स्टँडमध्ये बिननंबरी सदरा घालायचा असतो. स्वतःचीच बखिया उसवायला तिला फार वेळ लागला. इतकी ती पक्की होती. शेवटचे दोरे चिमटीने उपटत असतानाच कुरामोची बाई आल्या, कापडात नीट गुंडाळलेला एक सदरा घेऊन.

"तोमोकीची आई, एक गळ घालायचीय. हायातेला आई नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. आजोबांच्या हाताला कंप. सगळ्यांचं म्हणणं पडलं, तुमच्या हाताला यश आहे. तुम्ही शिवलेल्या पाठी चेंडू मारतातच."

"माझ्या मुलाची सोडून," सानाए म्हणाली.

कुरामोची बाई खळखळून हसल्या. विनोद समजल्या. "तुमचं मन मोठं आहे म्हणूनच तर बोलले!" आणि सदरा टेबलावर ठेवून गेल्या, उसवलेल्या एकोणीसच्या शेजारी.

सानाएने कापडाचा चौकोन पाठीवर ठेवला. टाचण्या लावल्या. मग कच्चे टाके घातले, पक्कं शिवण्याआधी कापड जागेवर धरून ठेवायला घालतात तसे. लांब लांब, मऊ सुती दोऱ्याचे, शेवटी गाठ न मारलेले. आतल्या बाजूने, म्हणजे वरून पाहिलं तर कुणाच्या बापाला कळू नये. यावर पक्के टाके घालायचे असतात. ती उठली, चहा करून प्याली, परत आली, आणि सदऱ्याची घडी घातली.

हायाते सदरा न्यायला आला तो आजोबांच्या बागेतल्या नाशपाती घेऊन. "काकू, अजून कडक आहेत. दोन दिवस ठेवा, मग खा." तिथेच त्याने सदरा अंगावर चढवला आणि आरशाकडे पाठ करून मान वळवली. "सरळ बसलाय ना?"

"सरळ बसलाय."

"तोमोकीदादाची जागा मी..."

"जपून धाव," सानाए म्हणाली. पोरगा वाकून वाकून गेला. नाशपाती तिने शेजारच्या गाळ्यात देऊन टाकल्या. त्या पोराचाही तिला राग होता. त्याने निदान उर्मट तरी असावं! सगळेच चांगले, सगळेच नम्र, आणि तिच्या मुलाच्या अंगावरून एकेक जण बूट काढून, हळूच पाय ठेवत पलीकडे गेलेला.

आता त्या सदऱ्यासह हायाते खाली बाकावर बसला होता, आणि सानाए स्टँडचा जिना चढत होती. जिना अंधारा, अरुंद, भिंतींना घामाचा वास. वर पाऊल टाकलं आणि एकदम उजेड अंगावर आला. माती टीव्हीत दिसते त्याहून काळी होती, ओली, नुकतं पाणी मारलेली. माणसं वरपर्यंत गेलेली, डोंगरासारखी. शिगेताची आई पुन्हा रडू लागली. सानाएने तिच्याकडे न बघता जागा शोधली. या जागेसाठीच ना सगळं? हीच ती माती, जिच्यासाठी पोरं आपला हात, आपली झोप, आपली आई, काय हवं ते आणून टाकतात.

आणि त्या मातीकडे पाठ करून तोमोकी उभा होता.

स्टँडच्या अगदी खालच्या कठड्याला टेकून, पांढरे हातमोजे घालून, तोंड वर, प्रेक्षकांकडे. घोषणा देणाऱ्याला तसंच उभं राहावं लागतं. बँडवाल्या मुली त्याच्या हाताकडे बघून वाजवतात, मुलं त्याच्या तोंडाकडे बघून ओरडतात. मैदानाचा भोंगा वाजला, मॅच सुरू झाली. आपला संघ बॅटिंगला आला की तो हात उचलायचा आणि सगळा पिवळा डोंगर गर्जायचा. उजवा हात खांद्यापर्यंतच जात होता; बाकीचं काम डावा करत होता. मागे कुणी चेंडू मारला, कुणी आउट झालं, हे त्याला समोरच्या चेहऱ्यांवरून कळायचं. आपल्या संघाची मॅच तो कोशिएनमध्ये उभा राहून लोकांच्या तोंडावर वाचत होता.

"काय आवाज आहे हो तुमच्या मुलाचा!" पुढच्या रांगेतला कुणीतरी मागे वळून म्हणाला. कुनिओ त्याच्यापुढे वाकला.

"कशाला वाकता?" सानाए दातांत म्हणाली.

"कौतुक करतोय तो."

"म्हणून?"

"तू पाणी पी जरा," कुनिओ म्हणाला. तो सकाळपासून बर्फाच्या पिशव्या वाहत होता, बँडच्या मुलींच्या मानेवर ठेवायला. इथेही त्याच्या वाट्याला बर्फच आला होता.

डाव पुढे सरकत गेले. समोरचा संघ एका धावेने पुढे होता. दर डावाला सानाए खालच्या बाकाकडे बघायची. हायाते टोपी हातात घेऊन बसलेला. नका उतरवू त्याला, असं एकदा वाटायचं. लगेच वाटायचं, उतरवा. सगळ्यांच्या देखत उतरवा. या पोराचं काय होईल याचा विचार ती मनाच्या दाराशी आणायची आणि दार लावून घ्यायची.

नऊपैकी आठव्या डावात शिगेताने चेंडू मारला आणि तो धापा टाकत पहिल्या बेसवर, धावेच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावर, पोचला. त्याची आई उभी राहून नाचू लागली. "धावला हो, माझा डुक्कर धावला!" ओगिहारा सर बाकावरून उठले, बोट केलं. शिगेता परत आला. त्याच्या जागी पळायला हायाते निघाला.

स्टँड पेटला. तोमोकीने डावा हात उंच नेला. "हा-या-ते!" त्याचा आवाज फाटला होता, पण काही हातचं राखलेलं नव्हतं. "हा-या-ते!" सगळ्यांच्या आधी त्याचाच आवाज. सानाए त्याच्या तोंडाकडे बघत होती. कसं जमतं याला, कसं जमतं?

पिचरने हात उचलला आणि चेंडू मारला जायची वाट न बघता हायाते सुटला. खरंच वारा. दुसऱ्या बेसवर तो डोक्याकडून झेपावला, पोटावर घसरत गेला, धुळीचा काळा फवारा उडाला. चेंडू आला. बेसवरच्या खेळाडूने चामड्याच्या पंजातला चेंडू त्याच्या पाठीवर आपटला आणि पंजा मागे ओढला. त्याबरोबर कापड आलं.

अंपायरने दोन्ही हात पसरले. सुखरूप, आउट नाही. डोंगर गर्जला आणि मध्येच त्याचा सूर बदलला. हायाते उठून उभा राहिला होता, आणि त्याच्या पाठीवरचा अठरा एका कोपऱ्याला धरून खाली लोंबत होता, वाऱ्यावर फडफडत. त्याला ते कळलंच नव्हतं. तो आनंदाने मूठ दाखवत होता. पलीकडच्या स्टँडमध्ये हशा झाला. मोठ्या पडद्यावर ते चित्र आलं, फडफडणाऱ्या आकड्याचं, आणि हशा सगळ्या मैदानभर गेला.

अंपायरने खेळ थांबवला. आपल्या बाकावरून नोंदवहीवाली मुलगी पिना घेऊन कठड्यापर्यंत धावली. पुढे तिला जाता येत नव्हतं. हायाते तिच्याकडे धावत आला, वाकून उभा राहिला. एवढ्या माणसांसमोर त्याच्या पाठीला पिना टोचल्या गेल्या. त्याचा कान लाल झालेला इतक्या वरूनही दिसत होता.

सानाएने खाली पाहिलं. तोमोकी तिच्याकडे बघत होता. सरळ तिच्याकडे. मग त्याने हळूच मान वळवली आणि मॅच सुरू झाल्यापासून प्रथमच मागे, मैदानाकडे बघितलं.

खेळ पुढे चालू झाला. पुढचा फलंदाज आउट झाला, त्याच्या मागच्याला फुकट पहिला बेस मिळाला, मग तिसराही आउट झाला. हायाते दुसऱ्या बेसवरच राहिला. आपली बॅटिंग संपली, बँड थांबला, आणि त्या शांततेत कुरामोची बाई मागे वळल्या.

"तो सदरा..." त्या म्हणाल्या. मग आजूबाजूला बघून आवाज मऊ केला. "होतं असं, तोमोकीची आई. ऊन किती! घामाने दोरा कुजतो."

"कुजतोच," शिगेताची आई म्हणाली. "आणि तो पंजा कसा ओढला मेल्याने! लोखंड असतं तरी निघालं असतं."

"एवढे सदरे शिवले त्यांनी. एखादा टाका सुटणारच."

सगळ्या जणी मिळून तिच्यासाठी वाट करून देत होत्या. तिने फक्त त्या वाटेवर पाऊल ठेवायचं होतं. वाकायचं होतं, माझाच निष्काळजीपणा म्हणायचं होतं. मग त्या म्हणाल्या असत्या, छे छे. मग घरी जाताना बसमध्ये कुणीतरी तिला बिस्किट दिलं असतं. कुनिओ वाकलाही होता. "माफ करा," तो म्हणत होता, "आमच्याकडून फार मोठी..."

"दोरा कुजला नाही," सानाए म्हणाली.

"अहो, असू दे..."

"कुजला नाही. मी कच्चे टाके घातले होते. पक्के घातलेच नाहीत. मुद्दाम."

कुरामोची बाईंचं तोंड अर्धवट हसऱ्या आकारातच राहिलं.

"मुद्दाम म्हणजे?"

"मुद्दाम म्हणजे मुद्दाम. तुम्ही माझ्या मुलाचा नंबर माझ्याच हाताने उसवायला लावलात, आणि त्याच टेबलावर दुसऱ्याचा शिवायला ठेवलात. आणि वर मन मोठं म्हणालात. माझं मन मोठं नाही. दोन वर्षं त्याने तुमच्या मुलांना सोपे चेंडू टाकले, मारा म्हणून. तुमचा मुलगा कप्तान झाला तो त्या चेंडूंवर. त्याचा हात वर जात नाही, दिसतंय ना तुम्हाला? तिथे उभा आहे तो, सगळ्यांच्या समोर, हात वर जात नाही त्याचा! आणि सगळ्यांना दिसतं काय, तर हसतमुख!"

"अगं," कुनिओ म्हणाला.

"तुम्ही सरळ उभे राहा आधी!"

"पण त्या पोराने तुमचं काय केलं होतं?" शिगेताची आई म्हणाली. या वेळी ती रडत नव्हती. "आईवेगळं पोर ते. सगळ्या देशाने बघितलं त्याला."

सानाएने टोपी काढून पायाशी ठेवली.

समोरचा संघ बॅटिंगला आला होता. अशा वेळी आपल्या स्टँडने शांत बसायचं असतं. त्या शांततेत सानाएच्या भोवतीच्या बायका थोड्या थोड्या सरकल्या. तोमोकी पायऱ्या चढत वर आला. तिच्याजवळ थांबला नाही. "ये," एवढं म्हणून तो जिन्याच्या अंधाऱ्या बोळात शिरला. ती मागोमाग गेली.

बोळात बर्फाच्या रिकाम्या खोक्यांची उतरंड होती. तोमोकीने हातमोज्यांनीच तोंड पुसलं.

"तूच ना?"

"हो."

"मला कळलं. वळायच्या आधीच कळलं."

"कसं?"

"मी काय बघतो दिवसभर? तोंडंच बघतो." त्याचा आवाज घशात खरवडत होता. "सगळी तोंडं एकदम दचकली. काही हसली. तुझं एकटीचं... आई, तुला ठाऊक आहे का तुझं तोंड कसं झालं होतं? सणासारखं. माझ्या पाठीवर नंबर शिवलास त्या दिवशी झालं होतं, तसं."

सानाएने हाताने स्वतःचा गाल चाचपला.

"म्हणून मी वळलो. नाहीतर वळलो नसतो. आणि बघितलं तो, तो लोंबणारा नंबर, आणि हायाते मूठ दाखवतोय. आणि मला बरं वाटलं." त्याने मागच्या खोक्यांना लाथ मारली. वरचं खोकं खाली आलं. "बरं वाटलं मला! तो माझा चहा भरून ठेवायचा सरावानंतर. माझा खांदा चोळून द्यायचा. आणि मला बरं वाटलं त्याची अशी फजिती बघून!"

"मग वाटू दे की. तुझा हक्कच होता..."

"मला नको होता तो हक्क!" तो इतक्या जोरात ओरडला की जिन्याच्या टोकाला उभा असलेला राखणदार वळून बघू लागला. "तुला काय वाटतं, मला राग येत नाही? सर दिसले की माझ्या अंगाची लाही होते. स्वप्नात मी त्यांच्या त्या पेल्यावर चेंडू मारतो. रोज. पण तो राग माझा होता. तो कुणावर आहे ते मला नीट ठाऊक होतं. तू तो काढून घेतलास आणि भलत्याच्या पाठीवर शिवलास."

"मला सांगायचंस तरी! एकदा तरी बोलायचंस. मी विचारलं होतं."

"तुला सांगून काय झालं असतं? हेच ना?"

सानाएने भिंतीला हात टेकला. भिंत दमट होती. दोन वर्षं ती याच गोष्टीची वाट बघत होती, पोराने एकदा रागावून ओरडावं याची. आता तो समोर ओरडत होता, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि तो सगळा खरा होता. तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि तेवढंच स्पष्ट समजलं की तो हात लावू देणार नाही.

"मी त्या पोराची माफी मागेन," ती म्हणाली. "सरांची नाही. मेले तरी नाही."

"काय मागायचं ते माग. मी माफ करणार नाही. आज तरी नाही." तो वळला, पडलेलं खोकं उचलून परत उतरंडीवर ठेवलं, आणि उजेडात गेला.

ती परत जागेवर आली तेव्हा शेवटचा डाव सुरू व्हायच्या बेतात होता. अजून एक धाव मागे. ही आपली शेवटची बॅटिंग. बँडच्या मुलींनी वाद्यं तोंडाला लावली. तोमोकी खाली कठड्याशी पोचला, आणि आपल्या जागेवर उभा राहून त्याने हातमोजे काढले. शेजारच्या धाकट्या मुलाच्या हातात दिले. मग स्टँडकडे पाठ केली, दोन्ही कोपरं कठड्यावर टेकली आणि मैदान बघू लागला.

"नागुरा!" बँडचे मास्तर ओरडले. "इकडे तोंड कर! हात दे!"

तो हलला नाही. धाकट्याने त्याला कोपराने ढोसलं, "दादा, अहो दादा, मला गाणी सगळी येत नाहीत..." तोमोकीने नुसती मान हलवली. धाकट्याने घाबरत घाबरत हातमोजे चढवले, हात उचलला. बँड एकदाचा सुरू झाला, दोन सुरांत, वेडावाकडा.

"तुमच्या मुलाला सांगा जरा," कुरामोची बाई म्हणाल्या. त्या आता 'तोमोकीची आई' म्हणत नव्हत्या. "निदान आज तरी घरच्या भानगडी..."

"नाही सांगणार," सानाए म्हणाली.

"अहो, नागुरा, तुम्ही तरी..."

कुनिओ दोन रिकाम्या जागा ओलांडून बायकोच्या शेजारी येऊन बसला. हातातल्या पिशवीतला बर्फ वितळून गेला होता. तो वाकला नाही. "त्याने अजून मॅच बघितली नाही," तो म्हणाला. "बघू दे."

पहिला फलंदाज आउट झाला. दुसराही. मग एकामागून एक तिघे बेसवर पोचले, धाव मात्र अजून झाली नव्हती. मग पुकारा झाला, अठरा नंबर, आणि हायाते बॅट घेऊन निघाला. पाठीवर पिना उन्हात चमकत होत्या. एक कोपरा अजून थोडा उचलला होता. मैदानभर पुन्हा थोडं हसू पसरलं.

सानाए मैदानाकडे बघत नव्हती. ती खाली बघत होती, कठड्यावर वाकलेल्या त्या पाठीकडे. आज दिवसभर तिला मुलाचं तोंड दिसलं होतं, पाठ पहिल्यांदाच दिसत होती. सदरा उन्हाने पिवळट झाला होता, आणि मध्ये जिथे तिने एकोणीस उसवला तेवढा चौकोन पांढरा राहिला होता.

पहिला चेंडू हायातेने हुकवला. त्या पाठीवरचे खांदे आवळले गेले, डावा एकदम, उजवा सावकाश. दुसरा चेंडू येत होता. या पोराने चेंडू मारावा म्हणून तोमोकी बघतोय की हुकवावा म्हणून, हे सानाएला पाठीवरून कळेना. कठड्यावर त्याच्या मुठी मात्र वळलेल्या होत्या.